स्थानिक भेट (ऐच्छिक)

९ जून, सोमवार

तिकिटं काढली. झुरिक ते व्हिएन्ना, ६ ऑक्टोबर, थेट गाडी, दोन जागा, खिडकी माझी. वाटेत एक रात्र मुक्काम : लिंट्स.

ऑफिसात घोषालदांना सांगितलं, तीच चूक झाली. म्हणाले, लिंट्स? टेंबेदा, ओखाने की आछे? आहे काय तिथे? साल्झबुर्गला उतरा, सगळं जग साल्झबुर्गला उतरतं. घोषालदा दर दुर्गापूजेला मेव्हणे-साडू धरून अकरा जणांना घेऊन कुठेतरी जातात आणि त्या जोरावर स्वतःला तज्ज्ञ समजतात. मुक्काम तांत्रिक निकषांवर ठरवायचा असतो. लिंट्सला एक ट्राम आहे, ती दातेरी रूळ न लावता डोंगर चढते. नुसत्या चाकाच्या पकडीवर! एकतीस वर्षं रेल्वेत घालवलेल्या माणसाने ते बघायचं सोडून साल्झबुर्गला चॉकलेटं घ्यायची?

लिंट्समध्ये आमचे चिरंजीव राहतात हा योगायोग आहे. निर्णयाशी त्याचा संबंध नाही. सौ. शकुनला तसं स्पष्ट सांगितलं. ती कणीक मळत होती. हसली की काय ते कळलं नाही, पाठ होती.

११ जून

सानिका म्हणजे आमची कन्या. इथेच कलकत्त्यात, न्यू टाउनला आयटीत आहे, सगळं फोनवर करते आणि कशाच्याच खोलात जात नाही. विचारत होती, मध्ये उतरायचंय तर दोन वेगळी तिकिटं का नाही काढली?

रेल्वेवाल्याच्या घरात वाढून हिला ब्रेक जर्नी माहीत नाही! पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास झाला की प्रवाशाला त्याच तिकिटावर वाटेत उतरता येतं, दोन दिवस राहता येतं. स्टेशन मास्तरकडून तिकिटावर शेरा घेतला की झालं. झुरिक ते लिंट्स सहाशेच्या आसपास आहे. बसतं. आणि रेल्वे त्यांच्याकडे आपल्याआधी आली, म्हणजे नियम मुळात त्यांचाच असणार. मी रिफंड शाखेत आहे. मला नियम शिकवू नयेत.

१५ जून, रविवार

कार्यक्रम क्र. १ तयार.

१५.१२ आगमन. १५.१५ स्टेशन मास्तर, शेरा. १५.४० हॉटेल (स्टेशनसमोर). १६.३० ट्रामने वर जाणे. १७.४५ खाली येणे. १८.०० डॅन्यूब नदी (पाहणे). १९.०० ते २१.०० स्थानिक भेट (ऐच्छिक). २१.३० झोप. ०७.४८ प्रस्थान. एकूण सोळा तास छत्तीस मिनिटं. यात एक मिनिटही फुकट जात नाही.

सानिकाकडून ईमेलचा ग्रुप करून घेतला, नाव 'संबंधित सर्व'. त्यावर कार्यक्रम रवाना केला. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे मी विचारलं नाही. ऑफिसातही 'प्रत माहितीसाठी : संबंधित सर्व' असं लिहिलं की कागद जिथे जायचा तिथे जातो, बघावं लागत नाही.

शकुनने विचारलं, स्थानिक भेट म्हणजे कोणाची? म्हटलं, जे कोणी स्थानिक उपलब्ध असेल त्याची. मग म्हणाली, आणि ऐच्छिक म्हणजे कोणाच्या इच्छेवर? सरकारी मसुदा घरच्यांना दाखवू नये हेच खरं.

२२ जून

शकुन रोज संध्याकाळी चिरंजीवांशी व्हिडिओवर बोलते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो. पेपर संपला तरी वाचतो.

तीन वर्षं झाली. रेल्वेची इंजिनिअरिंगची परीक्षा पास झाला, नेमणुकीचं पत्र आलं, मी सबंध मजल्यावर पेढ्यांच्या जागी संदेश वाटला. जनरल मॅनेजरांच्या शिपायालाही दिला. आणि रुजू व्हायच्या आठ दिवस आधी म्हणतो, बाबा, मी ऑस्ट्रियाला शिकायला जातोय. मी त्याला एवढंच म्हटलं, झाल्या गोष्टीचा रिफंड नसतो. तो म्हणाला, मागितलाय कोणी? तेव्हापासून संभाषण नाही. आता तिकडे रुळांचं पोलाद करणाऱ्या कारखान्यात आहे म्हणे. म्हणजे शेवटी रेल्वेतच आला की नाही? पण भलत्याच दाराने.

संकल्प : या वहीत चिरंजीवांचा विषय यापुढे नाही.

२३ जून

विषय काढला नाही.

दाढी ठेवली आहे म्हणे.

३ जुलै

व्हिसाच्या काउंटरवर अर्धा दिवस गेला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, तिकडे कोणी नातेवाईक आहेत का. मी तो कोरा ठेवला होता. काउंटरवरच्या मुलीने बोट ठेवून विचारलं. मी उत्तर देण्याआधीच शकुन म्हणाली, मुलगा. मुलीने विचारलं, मग हॉटेल कशाला? दोघी माझ्याकडे बघत बसल्या. परक्या माणसांसमोर नवऱ्याला असं उघडं पाडायचं काही कारण नव्हतं. एस्प्लनेडपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. मग मेट्रोचं टोकन माझ्याकडून हरवलं म्हणून बोलावं लागलं.

१० जुलै

सानिकाने तिकीट वाचलं. कोणी सांगितलं होतं?

म्हणते हे स्वस्तातलं तिकीट आहे, त्याच गाडीचं, त्याच दिवसाचं. मध्ये उतरलात तर पुढचा प्रवास बाद. परतावा नाही. खाली बारीक अक्षरात आहे सगळं. मी ते वाचलं नव्हतं असं नाही. तो भाग आपल्याला लागू नाही असं समजून सोडला होता.

शकुन म्हणाली, मग लिंट्सपासून पुढचं दुसरं तिकीट काढा, त्यात काय एवढं? एवढं! ज्या प्रवासाचं भाडं एकदा भरलं तो पुन्हा विकत घ्यायचा? उद्या सगळे प्रवासी असंच करायला लागले तर नियमांना विचारणार कोण? तत्त्व म्हणून मी हे करणार नाही. निवेदन देणार.

१४ जुलै

निवेदन पाठवलं. इंग्रजीत, सहा पानं, तीन परिशिष्टं. आपल्या ब्रेक जर्नीच्या नियमाची प्रत जोडली, म्हणजे त्यांना शोधत बसायला नको. शेवटी लिहिलं की अर्जदार स्वतः रेल्वे अधिकारी असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. प्रत माहितीसाठी : संबंधित सर्व.

असं पत्र तिकडे पूर्वी गेलं नसेल.

१७ जुलै

ऑफिसात एक प्रकरण आलं. आमच्या बराकपूरचाच माणूस, दिल्लीचं तिकीट, आसनसोलला उतरला. वडिलांना हॉस्पिटलात नेल्याचा फोन आला म्हणून परत फिरला. आता उरलेल्या प्रवासाचा परतावा मागतो. सोबत वडिलांच्या औषधांची चिठ्ठी जोडली आहे. चिठ्ठ्या जोडून नियम बदलत नसतात. शेरा मारला : सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि नियमात बसत नसल्याने खेद आहे. दीड मिनिटात निकाली.

घोषालदा माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, टेंबेदा, आपनि पाथोर. पाथोर म्हणजे दगड. कौतुक म्हणून घेतलं.

२९ जुलै

उत्तर आलं. दोन ओळी!

आपलं पत्र मिळालं. आपली अडचण आम्ही समजू शकतो, तथापि अटींनुसार काही करता येत नाही. बस्स. सही नाही, हुद्दा नाही, नुसतं कुठलं तरी पहिलं नाव. सहा पानं वाचायला त्यांना दीड मिनिटही लागलं नसेल. समजू शकतो म्हणे! काय समजू शकतात? त्यांना काय माहीत लिंट्सला कोण आहे ते!

म्हणजे ट्राम आहे.

घोषालदांनी पत्र सबंध शाखेला मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून त्यांचा चहा सांडला. म्हणाले, ड्राफ्टिंग बघा किती सुंदर, आपला जुना फॉर्म काढून हाच लावूया. मी आज डबा एकट्याने खाल्ला.

२ ऑगस्ट

निर्णय : मुक्काम रद्द. मी झुकणार नाही. गाडी लिंट्सला दोन मिनिटं थांबते, तेवढी पुरेत. लोक उगाच तासन्‌तास भेटतात, कामाचं असं काही बोलत नाहीत. कार्यक्रम क्र. ४ रवाना. १५.१२ ते १५.१४ दारातून भेट व वस्तू हस्तांतरण.

वस्तू म्हणजे गोडा मसाला. शकुन बडाबाजारला जाऊन दगडफूल शोधून आली, चार दुकानं फिरली. दोन दिवस घराला एकच वास येतोय. मी विचारलं, तिकडे मिळत नाही का? ती म्हणाली, तीन वर्षं तो काय खातोय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?

मला माहीत आहे. मंगळवारी राजमा, बुधवारी त्याच राजम्याची उरलेली भाजी, शनिवारी आमटी, पण बिनमसाल्याची. बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू येतं. सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सराव ठेवला. बराकपूरला सियालदाची लोकल थांबते अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात जमलं तर दोन मिनिटं म्हणजे चैन, हा माझा हिशोब. शकुन प्लॅटफॉर्मवर चिरंजीवांच्या जागी, मी डब्याच्या दारात, हातात मसाल्याची पिशवी (सरावासाठी तांदूळ).

पहिली गाडी : मी पिशवी पुढे केली, शकुनने हातच पुढे केला नाही. म्हणाली, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून थांबले. मी म्हटलं, सरावात बोलायचं नसतं. ती म्हणाली, मग खऱ्यात तरी बोलणार का? मी चढावं की उतरावं अशा बेतात एक पाय आत, एक बाहेर. मागून टोपलं घेतलेली मासळीवाली ओरडली, दादा, नामबेन ना उठबेन? उतरताय की चढताय! तिला उत्तर देईपर्यंत गाडी सुटली. टिटागढला उतरलो. पुढची परतीची गाडी बावीस मिनिटांनी.

परत आलो तर शकुन टोटो रिक्षा करून घरी गेलेली. सराव कसा करतात हे या घरात कोणाला माहीत नाही.

५ सप्टेंबर

गौप्यस्फोट. 'संबंधित सर्व' या ग्रुपमध्ये चिरंजीव पहिल्या दिवसापासून आहेत.

सानिकाने जेवताना सहज सांगितलं. म्हणजे क्र. १ पासून क्र. ५ पर्यंत सगळे कार्यक्रम त्याला गेले. स्थानिक भेट (ऐच्छिक) गेलं. डॅन्यूब (पाहणे) गेलं. निवेदनाची सहा पानं गेली, दोन मिनिटांचं वस्तू हस्तांतरण गेलं. मी ओरडलो. सानिका म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना संबंधित सर्व? मग तो काय असंबंधित आहे?

वरणात मीठ नव्हतं. तेही बोललो.

आता एक गोष्ट मला कळत नाही. जूनपासून सगळं वाचतोय तर एकदा तरी पोच द्यायची! साधी पोच देत नाहीत हल्लीची मुलं.

८ सप्टेंबर

पोच आली. सगळ्यांना. मराठीत टाइप केलेली :

'आईचं लिंट्स–व्हिएन्ना तिकीट १० ऑक्टोबरचं काढलं आहे. ती लिंट्सला उतरेल व माझ्याकडे चार दिवस राहील. बाबांचा प्रवास कार्यक्रम क्र. ५ प्रमाणे. भेट ऐच्छिक असल्याने त्यांच्यासाठी जागा धरलेली नाही. प्रत माहितीसाठी : संबंधित सर्व.'

माझाच मसुदा माझ्यावर! तीन वर्षांत बापाला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि त्यात 'प्रिय' नाही, 'नमस्कार' नाही. पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याचाच जास्त संताप आला. रेल्वेत असता तर कुठल्या कुठे गेला असता.

शकुनला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, जुलैपासून. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात, मला वाटलं ऐकलं असेल.

चार दिवस व्हिएन्नात एकटा राहीन. उत्तम. तिकडे रेल्वेची संग्रहालयं असतील, त्यांत शकुनला कंटाळाच आला असता.

२६ सप्टेंबर

गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू. घरातून बाहेर पडताना रोज एकाला डोकं आपटतं. माइकवर सकाळपासून कोणीतरी हॅलो हॅलो करतंय. कमिटीवाल्यांशी भांडलो. ते म्हणाले, काका, सॉरी, काकूंना सांगा आवाज कमी करतो. काकूंना का? भांडलो मी.

संकल्प : लिंट्सला मी दारापर्यंतही जाणार नाही. जागेवर बसून राहणार. पिशवी शकुन देईल.

२८ सप्टेंबर

दारापर्यंत जावं लागेल. शकुनकडे दोन बॅगा आहेत.

बोलायचं वाक्य ठरवलं : 'गाडी वेळेवर आहे.' तटस्थ आहे, सभ्य आहे आणि बहुधा खरंही असेल.

६ ऑक्टोबर, १५.००, गाडीत

बारा मिनिटं राहिली. गाडी फार घाई करतेय. शकुन केव्हाची दारापाशी जाऊन उभी आहे. साल्झबुर्ग मागे गेलं, मी खिडकीतून बघितलंही नाही. मसाल्याची पिशवी माझ्याकडे, सरावाप्रमाणे.

१५.२०

गाडी सुटली. नोंद करून ठेवतो.

१५.१२ दार उघडलं. शकुन दोन्ही बॅगा घेऊन उतरली, मागे वळून न बघता. विहंग समोरच होता. जाड झालाय. दाढी बरी दिसते, माझ्या वडिलांसारखी. शकुनला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, गाडी वेळेवर आहे.

तो म्हणाला, बाबा, उतरा.

मी म्हणालो, तिकीट व्हिएन्नाचं आहे.

 मला वाटलं तो पुन्हा म्हणेल. ऑफिसात साध्या साध्या प्रकरणातसुद्धा एक स्मरणपत्र येतंच. मी दाराच्या दांडीला धरून थांबलो होतो. तेवढ्यात दार आपोआप मिटलं. आपल्याकडे गार्ड असतो, त्याला डोळे असतात, तो माणूस दारात उभा दिसला तर शिट्टी द्यायला थांबतो. इथे कोणी बघत नाही. हलकट व्यवस्था आहे.

पिशवी माझ्या हातातच राहिली. एवढा सराव करून!

१८.५०, व्हिएन्ना स्टेशन

हॉटेलवर गेलो नाही. चार-पाच वाजल्यापासून बाकावर आहे. पिशवीच्या वासाने शेजारच्या बाई उठून गेल्या.

मग काउंटरवर जाऊन लिंट्सचं तिकीट मागितलं. आजचं, १९.३०च्या गाडीचं. बाईंनी विचारलं, परत करता येणारं हवं का, थोडं महाग पडेल. एकतीस वर्षं मी हेच काम केलं, पण मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, नको. परत करायचं नाहीये.

गाडी २०.४६ला पोचते. म्हणजे कार्यक्रम क्र. १ मधल्या स्थानिक भेटीची चौदा मिनिटं अजून शिल्लक आहेत.

विहंगला फोन लावला. रिंग पूर्ण गेली. उचलला नाही. शकुनलाही लावला, तिनेही नाही. जेवायला बसले असतील. इतक्या लवकर? आणि मसाला तर इथे माझ्याकडे आहे, म्हणजे आमटी पुन्हा बिनमसाल्याचीच केली असणार. थोडं थांबायला काय झालं होतं? प्लॅनिंग म्हणून काही नाही या लोकांना.